दश्शी आणि दहला

(लष्कर, ग्वाल्हेर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या शहरात १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपानं संमेलनाला पहिल्या महिला अध्यक्ष मिळाल्या. या शहरात भास्करराव तांबे राहिले. या शहरात १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी गायनाचं विद्यालय काढलं. आणि अशा शहरात येऊन मी आज पोरासोरांच्या पत्त्यांवर बोलणार आहे! निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून काहींनी कपाळाला हात लावला असेल. पण ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर लहान मुलांना शिकवलं. त्यामुळे विषय त्यांना तरी वावगा वाटला नसता, असं मी धरून चालतो.

आणखी एक खुलासा. मी जुगारावर बोलणार नाही. तीन पत्ती, पैसे लावून चालणारी रमी, हे आज बाहेर. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी, मोठी माणसं झोपली की सतरंजीवर जे डाव पडतात, तेवढेच माझे. भिकार-सावकार, गुलामचोर, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. यांतल्या एकाचंही नाव ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हात वर करावा. नाही ना कोणी? मग पुढं जाऊ.

प्रश्न असा आहे. दोन डाव सारखे दिसतात, तेव्हा ते एकच आहेत की वेगळे, हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न पुण्यात विचारला तर कोणी लक्ष देणार नाही. तिथं मेंढीकोट म्हणजे मेंढीकोट. इथं मात्र तो रोजचा आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली पडली, ती उठलीच नाही, आणि तिचंच हे लष्कर झालं. तेव्हापासून टोपी बाजार, सराफा, दौलतगंज, चिटणिसांची गोठ, या सगळ्या भागांत मराठी घर आणि हिंदी घर भिंतीला भिंत लावून राहत आलं. टोपी बाजारातल्या मराठी घरातलं मूल वरच्या मजल्यावर आजीबरोबर मेंढीकोट खेळतं आणि जिना उतरून खाली आलं की शेजारच्या भैयाबरोबर दहला पकड. वर झब्बू, खाली भाभी. वर पाच-तीन-दोन, खाली तीन-दो-पाँच. पत्ते तेच, बावन्न. मुलं तीच. आणि तरी डाव सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच भांडण ठरलेलं. “असं नसतं!” “हमारे यहाँ ऐसा ही होता है!”

भांडणाची सुरुवात तर पहिल्या प्रश्नापासूनच होते. मराठी आजोबा पानं लावता लावता विचारतात, “हुकूम कोणता?” शेजारचा मुलगा म्हणतो, “हुकुम तो काला वाला, दादाजी.” आजोबा समजतात की इस्पिकाचा हुकूम बोलला. मुलानं बिचाऱ्यानं फक्त इस्पिकाचं हिंदी नाव सांगितलेलं असतं. आपण ज्याला हुकूम म्हणतो त्याला तो तुरुप म्हणतो. या एका गैरसमजापायी किती डाव मोडले असतील, ते या शहराच्या इतिहासात कोणी नोंदवलेलं नाही. असो.

तर ओळखायचं कसं? पहिला मोह होतो तो नावावरून ओळखण्याचा. तो सोडून द्या. नाव गावागणिक बदलतं. दुसरा मोह पत्त्यांवरून ओळखण्याचा. तोही सोडा, कारण बावन्न पानं सगळ्यांचीच. आपण गाण्याच्या गावात बसलो आहोत म्हणून एकच दाखला देतो. भूप आणि देशकार, दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. कागदावर मांडले तर फरक शोधून सापडत नाही. पण भूपाचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत. जोर कुठं पडतो, थांबायचं कुठं, यावर राग ठरतो. पत्त्यांच्या डावाचंही तसंच आहे. त्याचा जोर कुठं आहे ते शोधायचं. त्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. या डावात मुलाच्या हाती निर्णय किती? मोठं पान म्हणजे सुख की संकट? आणि जिंकलेला हात आपला होतो कधी? या तिन्हींची उत्तरं जुळली तर नाव काहीही असो, डाव एक. एक जरी चुकलं तरी डाव दोन.

पहिला प्रश्न घेऊ. निर्णय किती?

भिकार-सावकार घ्या. आपल्यापैकी बहुतेकांचा हा आयुष्यातला पहिला डाव. सगळी पानं वाटायची, ती न बघता पालथी गड्डी हातात धरायची. आपली पाळी आली की वरचं पान उलटून मधल्या ढिगावर टाकायचं. आधीच्या पानाशी आपलं पान जुळलं, म्हणजे सत्तीवर सत्ती, राणीवर राणी पडली, की सगळा ढीग आपला. ज्याच्याकडची पानं संपली तो भिकारी, ज्याच्याकडे सगळी जमली तो सावकार. बहुतेक मराठी घरांत हा असा चालतो.

आता सांगा, यात मूल ठरवतं काय? काहीच नाही. वरचं पान टाकायचं, एवढंच. गड्डी एकदा वाटली की सावकार कोण होणार हे जवळजवळ ठरूनच गेलं. आपण चार वर्षांच्या पोराला म्हणतो, “वा, किती छान खेळलास!” अहो, तो खेळलाच नाही. त्याच्याकडून फक्त पानं उलटली गेली. आणि म्हणूनच हा डाव त्या वयाला बरोबर आहे. हरलं तर त्यात त्याचा दोष नाही, जिंकलं तर आनंद मात्र पुरता त्याचा.

आता गंमत पाहा. याच्यासारखे दिसणारे तीन डाव इंग्रजी मुलांकडे आहेत, आणि इंग्रजी शाळेतून आलेली आपली मुलं चारही एकत्र कालवतात. एक स्नॅप. त्यातही जोडी जुळायची वाट पाहायची, पण जुळली की जो आधी ओरडेल त्याला ढीग. दुसरा वॉर. त्यात दोघांनी एकदम पान उलटायचं, मोठ्या पानाला दोन्ही पानं. तिसरा तर नावानंही आपल्या भिकार-सावकाराचा भाऊ शोभेल असा, शेजाऱ्याला भिकारी करण्याचा डाव, बेगर-माय-नेबर. त्यात साधी पानं आलटून पालटून पडत राहतात. पण एक्का पडला की समोरच्यानं चार पानं भरायची, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. भरता भरता त्याच्याकडून चित्र किंवा एक्का निघाला तर उलट आता पहिल्यानं भरायचं. भरणा पुरा झाला आणि चित्र निघालं नाही तर ढीग चित्रवाल्याचा.

चारही डावांत गड्डी पालथी, चारहींत ढीग मध्ये, चारहींत शेवटी एक जण सावकार आणि दुसरा नागवा. निर्णय कोणातच नाही. मग माझा पहिला प्रश्न इथं निकामी झाला का? नाही झाला. तो थोडा बदलून विचारायचा. निर्णय नसेल, तर मुलाला यायला काय हवं? आणि इथं चारही डाव सरळ वेगळे होतात. भिकार-सावकाराला फक्त सारखं ओळखता यायला हवं, सत्ती आणि सत्ती एक. सत्ती मोठी की नव्वी मोठी हे कळण्याची गरजच नाही. वॉरला नेमकं तेच हवं, लहानमोठ्याचा क्रम. बेगर-माय-नेबरला चारपर्यंत मोजता यायला हवं आणि उसनवारी समजायला हवी. स्नॅपला यांतलं काही नसलं तरी चालेल, पण डोळा आणि जीभ तिखट हवी. म्हणून घरात तीन वर्षांचा आणि सात वर्षांचा असे दोघे असतील तर स्नॅप लावू नका. धाकटा प्रत्येक वेळी हरेल आणि रडेल. भिकार-सावकार लावा, तिथं वयाला किंमत नाही.

त्या तिसऱ्या डावाविषयी थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्याला साहित्यातही जागा आहे आणि गणितातही. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६० ते १८६१ मध्ये क्रमशः छापली गेली. तिच्यात गरीब पिप पहिल्यांदा एका मोठ्या घरात जातो तेव्हा तिथं राहणारी मुलगी एस्टेला त्याच्याशी हाच डाव खेळते. त्याला पुरता भिकारी करते, आणि वर गुलामाला तो गावंढळ नावानं हाक मारतो म्हणून हसते. डाव निवडताना डिकन्सनं काही योजलं होतं की नाही? कादंबरी सगळी पैशावर आणि वर्गावर, आणि मुलांचा डाव हा! मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आणि गणित असं. या डावात निर्णय नाही, म्हणजे वाटप झालं की पुढचं सगळं ठरलेलं. मग असं एखादं वाटप असेल का, की डाव संपणारच नाही? दोघं पानं टाकत राहतील, ढीग इकडून तिकडे जात राहील आणि फिरून पुन्हा त्याच जागी येईल? जॉन कॉनवे या गणितज्ञानं हा प्रश्न लोकांपुढं ठेवला होता. तो २०२० साली वारला, तोवर उत्तर मिळालं नव्हतं. २०२४ साली संगणकाच्या मदतीनं शोधणाऱ्यांना बावन्न पानांचं असं एक वाटप सापडलं. म्हणजे कितीही वेळ बसा, कोणी भिकारी होत नाही आणि कोणी सावकार. मात्र त्याला एक अट आहे. जिंकलेला ढीग जसाच्या तसा गड्डीखाली घालायचा. आपल्याकडची मुलं तो पिसून घालतात. पिसला की तो कधीही न संपणारा डाव मोडला! बघा, जिंकलेला ढीग पिसायचा की नाही, एवढी बारीक गोष्ट. आजी सांगते तेव्हा कोणी लक्षही देत नाही.

आता दुसरा प्रश्न. मोठं पान म्हणजे सुख की संकट? हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत असा की, डाव जिंकणाऱ्याला शोधतो की हरणाऱ्याला?

गुलामचोर हा हरणाऱ्याला शोधणारा डाव. एक गुलाम काढून ठेवायचा, उरलेल्या पानांच्या जोड्या टाकत जायच्या, शेजाऱ्याच्या हातातून न बघता एक पान ओढायचं. शेवटी ज्याच्याकडे एकटा गुलाम उरला तो चोर. जिंकलं कोण, हे कोणी विचारतच नाही. हे कुटुंब जगभर पसरलेलं आहे. इंग्रजांकडे गुलामाऐवजी एक राणी काढतात, तिथं शेवटी उरते ती म्हातारी कुमारिका. जपानात जोकर घालतात. जर्मनीत काळा पीटर म्हणून वेगळा पत्ताच छापतात. हे सगळे डाव माझ्या लेखी एकच. गुलाम असो, राणी असो, डावाचा जोर कुठं हलत नाही. पण जपानातच याचा एक प्रकार आहे. त्यात सुरुवातीला कोणतं तरी एक पान न बघताच बाजूला ठेवतात. म्हणजे चोर कोणता हे कोणालाच माहीत नाही! हातात तिर्री आहे, तीच चोर असेल की काय? जोड्या पडत जातील तसा संशय आवळत जातो. तो डाव मात्र वेगळा. गुलामचोरात चेहरा लपवावा लागतो. तिथं चेहरा लपवायला चोरालाही ठाऊक नसतं की तो चोर आहे.

आता झब्बू. ज्याच्याकडे इस्पिकाचा एक्का त्याची उतारी. उतरलेल्या रंगाचं पान टाकायचं. सगळ्यांनी रंग पाळला तर हात बाजूला जातो, आणि ज्याचं पान मोठं त्याची पुढची उतारी. पण एखाद्याकडे तो रंग नसेल तर तो दुसऱ्या रंगाचं पान टाकतो, म्हणजेच झब्बू देतो, आणि त्या हातात रंगाचं सर्वांत मोठं पान ज्याचं, त्यानं सगळी पानं उचलायची. पानं संपली की सुटलो. शेवटी ज्याच्या हातात पानं राहिली तो हरला. खालच्या मजल्यावरच्या भाभीचे नियम काढून पाहा. उतारी हीच, रंग पाळणं हेच, उचलणं हेच. शेवटी अडकलेल्याला तिथं भाभी म्हणतात, एवढाच फरक. मोठ्या मुलाला भाभी म्हणून चिडवण्यात मजा जास्त, हे मान्य. पण डाव एक.

झब्बूत आणि मेंढीकोटात वरवर पाहता किती साम्य! दोन्हींत रंग पाळायचा, दोन्हींत मोठ्या पानाचा हात. नवशिक्या मुलाला वाटतं, एक येतं म्हणजे दुसरंही आलं. आणि मग ते मेंढीकोटाच्या सवयीनं झब्बूत राजा-राणी जपून ठेवतं, आणि शेवटच्या तीन हातांत त्याच राजा-राणीच्या गळ्यात ढीग पडतो. झब्बूत एक्का लवकर काढून टाकायचा असतो, सगळ्यांकडे तो रंग आहे तोवर. उशीर झाला की एक्का म्हणजे ओझं. मेंढीकोटात उलट, एक्का राखून ठेवा, मोक्याला काढा. कृती तीच, फळ उलटं. माझ्या मते लहान मुलांच्या पत्त्यांतला हा सर्वांत मोठा फरक आहे, आणि तो शिकवून कळत नाही. दोन-चारदा हरल्यावरच कळतो.

बदाम सात मी घाईनंच उरकतो. बदामाच्या सत्तीपासून सुरुवात, वर आठ-नऊ, खाली छक्की-पंजी, आणि बाकीच्या सत्त्या ज्याच्याकडे आहेत तो आपल्या सोयीनं लावणार. जपानी मुलांचा याच्यासारखाच एक डाव आहे, पण तिथं चारही सत्त्या आधीच मांडून ठेवतात. म्हणजे सत्ती अडवून धरण्याची मजाच गेली! सत्ती अडवणं हाच बदाम साताचा प्राण. म्हणून ते दोन डाव वेगळे, मला त्यात शंका नाही. नॉट ॲट होम आणि इंग्रजी गो फिश यांचंही तसंच. दोन्हींत दुसऱ्याकडे पान मागायचं. पण आपल्याकडे सगळी पानं वाटलेली असतात, पान नसेल तर पाळी जाते, म्हणजे प्रत्येक पान कोणाच्या ना कोणाच्या हातात असतंच. ते आठवणीचं काम आहे. गो फिशमध्ये मध्ये ढीग असतो, त्यातून पान उचलायचं. तिथं आठवण अर्धीच उपयोगाची.

आता तिसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर आजचं व्याख्यान मी याच्यासाठीच दिलं. जिंकलेला हात आपला होतो कधी?

मेंढीकोट आणि दहला पकड. चार खेळाडू, दोन जोड्या, समोरासमोर भिडू, तेरा-तेरा पानं. रंग पाळायचा, हुकूम मारायचा. दोन्हींत सगळी धडपड चार दश्श्यांसाठी. आपण दश्शीला मेंढी म्हणतो, ते दहला म्हणतात. चारही मेंढ्या एका बाजूला आल्या की मेंढीकोट. चारही दहले आले की तिथंही कोट. मग फरक काय राहिला? शंभरातली नव्व्याण्णव माणसं म्हणतील, काही नाही, एकच.

मी म्हणतो, दोन. ऐका.

मेंढीकोटात हात जिंकला की तो लगेच आपला. चार पानं उचलली, पालथी करून जवळ ठेवली, विषय संपला. त्यात मेंढी होती तर ती मेंढी आता देवानं मागितली तरी परत जायची नाही. तीन मेंढ्या झाल्या की डाव आपला, दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात त्याचा.

दहला पकडमध्ये हात जिंकला तरी उचलायचा नाही. पानं मध्येच पडून राहतात. पुढचा हात खेळायचा. लागोपाठ दोन हात एकाच खेळाडूनं जिंकले, तेव्हाच तो मधला सगळा ढीग त्याचा होतो. एकाच खेळाडूनं, जोडीनं नाही! हे नीट लक्षात घ्या. मी हात जिंकला, पुढचा माझ्या भिडूनं जिंकला, तर काहीच मिळालं नाही. मोजणी पुन्हा भिडूपासून सुरू. ढिगात दोन दहले पडलेले आहेत, सगळ्यांना दिसतायत, आणि अजून ते कोणाचेच नाहीत.

याचा परिणाम काय होतो? मेंढीकोटात भिडूच्या हातावर आपण मोठं पान टाकलं तर फार तर एक पान वाया गेलं. भिडू म्हणेल, “अरे, माझाच होता ना हात!” आणि हसेल. दहला पकडमध्ये तेच केलं तर आपण भिडूची साखळी तोडली. त्याचा दुसरा हात होता, ढीग उचलायला तो वाकलाच होता, आणि आपण राजावर एक्का मारला! तिथं कोणी हसत नाही. म्हणून दहला पकडमध्ये भिडूच्या खाली राहायला शिकावं लागतं, चांगलं पान हातात असून लहान पान टाकावं लागतं. मेंढीकोटात दश्शी पडली की डोळे त्या एका हातावर. दहला पकडमध्ये दश्शी पडली की डोळे पुढच्या हातावर. वरच्या मजल्यावर तरबेज झालेलं मूल खाली जाऊन पहिल्याच दिवशी भिडूच्या शिव्या खातं ते यामुळे. त्याला पत्ते येत नाहीत असं नाही. त्याचा डाव दुसरा आहे.

आणि ‘कोट’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. उत्तरेत कोट पीस म्हणून आणखी एक डाव आहे. त्यात पहिले सात हात लागोपाठ घेतले की कोट. दश्श्यांचा त्यात काही संबंध नाही. तीन डाव, तीन कोट.

बरं, आपला मेंढीकोट तरी एक आहे का? तोही नाही. कट हुकमानं खेळणारी घरं आहेत आणि बंद हुकमानं खेळणारी. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतरलेला रंग पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. म्हणजे एखादा रंग मुद्दाम लवकर संपवण्याची घाई. बंद हुकमात एक जण सुरुवातीलाच आपलं एक पान पालथं ठेवतो. हुकूम एकट्याला माहीत, बाकी तिघं अंदाज बांधत बसतात. एकात घाई, दुसऱ्यात गुपित. नाव मात्र एकच! माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिलाच इथं वेगळं उत्तर देतो. हुकमाचा निर्णय एकात योगानं येतो, दुसऱ्यात माणूस विचार करून घेतो. तेव्हा ज्यांना मेंढीकोट आणि दहला पकड एक वाटतात, त्यांना मी विचारतो, आधी तुमचा मेंढीकोट तरी कोणता ते सांगा.

या उलट पाच-तीन-दोन. तीस पानं, तिघं, दहा-दहा. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, पुढच्यानं तीन, पिसणाऱ्यानं दोन. ज्याचे कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची. हिंदीत तीन-दो-पाँच. आकड्यांचा क्रम बदलला म्हणून लोक म्हणतात काही तरी वेगळं असेल. काही नाही. तिघं गोल बसलेत. पाचवरून सुरू केलं तर पाच, तीन, दोन. तीनवरून सुरू केलं तर तीन, दोन, पाच. वर्तुळ तेच. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीच. भांडायचं कारण नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे डाव शेवटी गंजिफ्यातूनच आले ना? असं सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. गंजिफा जुना, यात वाद नाही. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीला तो होतो, आणि इथून जवळ, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपुरलाही गंजिफे रंगवणारी घराणी होती. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पानं, दशावतारीत दहा रंगांची १२०. पण तो डाव खेळायला बसा, लगेच कळेल की जोर वेगळ्याच जागी आहे. चित्राची पानं दोनच, राजा आणि प्रधान, राणी नाही. हुकूम नाही. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्या रंगांत बरोबर उलटं. दशावतारीत दिवसा उतारी रामाच्या रंगाची, रात्री कृष्णाची. ज्या डावात सूर्य मावळल्यावर उतारी बदलते, तो आपल्या मेंढीकोटाचा बाप कसा असेल? फार तर शेजारी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. हे डाव ज्यांना पक्के येतात ती माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत आणि नातवंडं मोबाइलवर पत्ते खेळतात. तिथं नियम कंपनी ठरवते. साऱ्या देशाला एकच मेंढीकोट मिळणार, आणि तुमच्या घरातला कट हुकूम कोणाला आठवणार नाही. म्हणून माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजीला, काकूला, थोरल्या मामांना विचारा आणि एका वहीत लिहून काढा. पानं डावीकडून वाटायची की उजवीकडून? हुकूम कट की बंद? हात जिंकला की लगेच उचलायचा की दोन हातांनी? जिंकलेला ढीग पिसायचा की नाही? डाव कोणत्या गावाहून घरात आला, तेही लिहा. शेजारच्या हिंदी घरातही हेच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं त्याच पानावर, त्यांच्या शब्दांत लिहा. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला येताना ती वही बरोबर आणा. संयोजकांशी मी बोललो आहे. व्याख्यान नाही झालं तरी चालेल, पण दारापाशी एक टेबल ठेवून त्या वह्या गोळा करायच्या, असं त्यांनी मान्य केलं आहे.